फ्रीज बिघडलेला नाही

माझ्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक रचनेचं नाव होतं 'शून्याचा हुंकार'. लांबी अकरा मिनिटं. पहिली चार मिनिटं नुसता खर्जातला एक सूर, मग त्याच्या शेजारी किंचित बेसूर असा दुसरा सूर येऊन बसायचा, दोघांची कुरबुर सुरू व्हायची आणि त्या कुरबुरीतून विश्व जन्माला यायचं, अशी कल्पना होती. विश्वाचा मुहूर्त सातव्या मिनिटाचा होता. सहाव्या मिनिटाला आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, तो फ्रीज बघ रे. परत गुरगुरायला लागलाय."

मी काही बोलायच्या आत बाबा उठले. त्यांनी फ्रीज पुढे ओढला, मागे हात लावून पाहिला आणि स्विच बंद केला. आवाज चालूच.

"बंद केला तरी वाजतोय!" बाबा म्हणाले. श्रोत्याच्या चेहऱ्यावर जो थक्क भाव उमटावा म्हणून मी रात्री जागवल्या होत्या, नेमका तोच भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. फक्त तो फ्रीजबद्दल होता.

"बाबा, ते संगीत आहे. मी केलंय."

बाबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "बरं, तुझं झालं की फ्रीज आठवणीनं चालू कर. आत दूध आहे."

दुसरी रचना जरा चपळ होती. तीत एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा यायची. खिडकी उघडी होती. थोड्या वेळानं पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले आणि खाली अंधारात बघून जोरात म्हणू लागले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावीकडे घे... येऊ दे!" रचना संपली तेव्हा "बस्स!" म्हणून ते समाधानानं आत गेले. खाली गाडी नव्हती. आमच्या सोसायटीत तेव्हा मोटार कुणाकडेच नव्हती. पण अमुक प्रकारचा आवाज आला की कुणीतरी गाडी मागे घेत असणार आणि आपण मदत केली पाहिजे, हा मराठी माणसाचा स्वभाव.

सतार वाजवली की लोकांना सतार ऐकू येते. आम्ही काहीही वाजवलं तरी लोकांना इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, दारावरची बेल किंवा शेजाऱ्याचा मोबाइल ऐकू येतो. हा माझा अपमान आहे असं मला काही वर्षं वाटे. मग वाचन वाढलं आणि कळलं की हा अपमान खानदानी आहे.

1954 साली 'नागिन' चित्रपट आला. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातल्या बीननं देशाला वेड लावलं. ती बीन मुळात बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं एक फ्रेंच वाद्य होतं आणि ते वाजवणारे होते कल्याणजी, पुढे आनंदजींबरोबर ज्यांची जोडी झाली तेच. म्हणजे अख्ख्या देशानं इलेक्ट्रॉनिक वाद्य ऐकलं आणि अख्ख्या देशाला साप दिसला. अजूनही वरातीत ती धून लागली की एक जण तोंडात रुमाल धरून गारुडी होतो आणि नवरदेवाचे मामा नव्या सफारीसकट रस्त्यावर लोळायला लागतात. अशा वेळी त्यांना वाद्याचं नाव विचारून बघावं. मी विचारलं आहे. नवरदेवाकडच्या मंडळींना ते आवडत नाही.

परदेशातही हीच कथा. लेव्ह तेरमेन या रशियन शास्त्रज्ञानं 1920 च्या सुमारास असं वाद्य काढलं, की त्याला हात लावायचाच नाही. हवेत हात हलवायचा आणि सूर निघायचा. (माझ्या पहिल्या कीबोर्डच्या निम्म्या कळा हात लावूनही वाजत नसत, पण तो विषय वेगळा.) इतकं तरल वाद्य, पण हॉलिवूडनं त्याला जुंपलं ते मानसिक झटक्यांच्या आणि उडत्या तबकड्यांच्या कामाला. 1956 च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटाचं सगळं संगीत लुईस आणि बीबी बॅरन या जोडप्यानं स्वतः जुळवलेल्या सर्किटांतून काढलं. सर्किट जळेपर्यंत ते त्यात वीज सोडत आणि त्याचे शेवटचे आचके टेपवर घेत. इतकं करून पडद्यावर त्याला संगीत म्हटलंच नाही. वादकांच्या संघटनेची भानगड नको म्हणून 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' अशी पाटी लावली. आमच्या घरीही बरीच सर्किटं जळाली. आमचं चुकलं इतकंच, की त्या वेळी टेप चालू नसे.

माझा स्टुडिओ डोंबिवलीत होता. स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं लोखंडी कपाट आणि खिडकी यांच्या मधली जागा. मी खुर्चीत बसलो की कपाट उघडत नसे आणि कपाट उघडलं की मला बसता येत नसे. त्यामुळे आईला लग्नाला जायचं असलं की माझी सर्जनशीलता साडी निवडून होईपर्यंत बाहेरच्या खोलीत थांबे.

या नादाला लागलेल्या माणसाला सगळ्यात आधी एक साक्षात्कार होतो. आपली प्रतिभा केवळ एका वस्तूवाचून अडली आहे आणि ती वस्तू लॅमिंग्टन रोडला मिळते, हा तो साक्षात्कार. मी साउंड कार्ड आणलं. मग कळलं की प्रतिभा साउंड कार्डावाचून नव्हे, माइकवाचून अडली होती. माइक आणल्यावर ती स्टँडवाचून अडली. स्टँडनंतर हेडफोन, हेडफोननंतर त्याची पिन मोठी आणि कार्डाचं भोक लहान, म्हणून मधला जोड. तो छोटासा जोड मिळवायला मी लोकलचं परतीचं तिकीट काढून गेलो आणि प्रवासखर्च जोडाच्या किमतीहून जास्त झाला. या सगळ्या काळात मी एक सूरही वाजवला नाही, पण कुणी विचारलं तर "स्टुडिओचं काम चाललंय" असं सांगताना छाती भरून येई. सध्या या नादाला लागलेल्या माझ्या एका मित्राकडे माझ्यापेक्षा दसपट सामान आहे. तो अजून 'शून्या'पर्यंतही पोचलेला नाही.

मग ध्वनिरोधनाचा विषय निघाला. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की खोलीत आवाज घुमत नाही, असं एका जाणत्यानं सांगितलं. बेकरीवाल्याकडून मी रात्री उशिरा ट्रे आणायला लागलो. आमच्याकडे घरात अंडं येत नसे. जिन्यात समोरच्या काकूंनी दोनदा मला ट्रेची चळत घेऊन वर जाताना पाहिलं आणि तिसऱ्या वेळी हळूच विचारलं, "आईला माहितेय का रे?"

"हो, तिनंच जागा करून दिली."

यानंतर काकूंनी आमच्याकडे हळदीकुंकवाला येणं थांबवलं नाही, पण प्रसादाचं खाताना त्या बारकाईनं बघत. अंड्यांच्या ट्रेनं आवाज अडतच नाही, हे नंतर कळलं. झुरळं मात्र येतात.

संगणकाचा स्वभाव आणखीच निराळा. कळ दाबली की सूर लगेच येत नसे. यंत्र आधी विचार करी. आजच्या यंत्रांत हा उशीर कानाला कळत नाही इतका कमी असतो. माझं यंत्र मात्र कळ दाबल्यावर एकदा आत घरघर करून, जणू वरिष्ठांची परवानगी घेऊन मग सूर सोडी. समेवर सूर हवा असेल तर समेच्या बराच आधी दाबून ठेवावा लागे. या सवयीपायी पुढे एकदा सुगम संगीताच्या कार्यक्रमात खऱ्या पेटीवर साथ करताना प्रत्येक सम मी गायिकेच्या आधी गाठली. मध्यंतरात तिनं विचारलं, "तुम्हाला कुठे जायची घाई आहे का?" मी म्हणालो, "शेवटची कर्जत." तिला ते पटलं. तबलजीला पटलं नाही.

शिवाय माझ्याकडे सॉफ्टवेअरची डेमो आवृत्ती होती. तीत रचना जतन करता येई, पण जतन केलेली पुन्हा उघडता येत नसे. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखंच. त्यामुळे एकदा सुरू केलेली रचना पुरी होईपर्यंत संगणक बंद करायचा नाही, एवढाच मार्ग होता, आणि ते भारनियमनाचे दिवस होते. वीज जायच्या वेळा वर्तमानपत्रात छापून येत. वीज वर्तमानपत्र वाचत नसे. शेवटी यूपीएस घेतला. वीज गेली की तो ठरावीक अंतरानं 'टीं' करी. तो 'टीं' माइकमध्ये शिरे आणि माझ्या ठेक्याशी त्याचं काही केल्या जुळेना. मी त्याच्यावर उशी ठेवून पाहिली, गोधडी टाकून पाहिली. अखेर माझीच लय मी त्याच्या 'टीं'ला जुळवून घेतली. त्या काळातल्या माझ्या सगळ्या रचना एकाच लयीत का आहेत, असं कुणी मला विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो.

त्याच सुमारास मला पिएर शेफर सापडला. या फ्रेंच माणसानं 1948 साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात जाऊन इंजिनांचे, चाकांचे, शिट्ट्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, ते कापून-जोडून तीनेक मिनिटांची रचना केली आणि रेडिओवर लावली. पॅरिसला जर हे जमतं, तर डोंबिवलीला काय कमी आहे? गाड्यांच्या बाबतीत तरी आपण कुणाला हार जाणार नाही. मी रेकॉर्डिंगवाला वॉकमन घेऊन फलाटाच्या टोकाला उभा राहिलो. एक पोलीस आला.

"काय चाललंय?"

"आवाज रेकॉर्ड करतोय."

"कुणाचा?"

"गाडीचा."

"गाडीचा?" त्यानं येणाऱ्या गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "का?"

'का'ला शेफरनं पुस्तकंच्या पुस्तकं लिहून उत्तर दिलं आहे. पोलिसाला ती कशी सांगायची? मी म्हणालो, "प्रोजेक्ट आहे." या शब्दावर आपल्याकडे माणसाला कुठेही सोडतात.

घरी येऊन मी ते आवाज उलटे केले, ताणले, त्यांना घुमारा दिला आणि रविवारी संध्याकाळी बाबांच्या गाडीतल्या ग्रुपला चहाला बोलावून ऐकवले. मंडळी डोळे मिटून ऐकू लागली. मला भरून आलं. मग बाबांच्या एका मित्रानं डोळे न उघडता म्हटलं, "स्लो आहे."

"छे! फास्टच. स्लोला असा ब्रेक लागत नाही."

"नऊ डब्यांची वाटते."

"बारा. मोजा ना खडखड."

"हा जो आता घूंऽऽऽ आवाज आला..."

"ती मुंब्र्याची खाडी."

ती खाडी नव्हती. ती मानवी एकटेपणाची अनुभूती होती आणि तिच्यासाठी मी तीन निरनिराळे घुमारे एकावर एक चढवले होते. पण एका अर्थानं इतक्या जाणकार श्रोत्यांसमोर शेफरचीही रचना कधी वाजली नसेल. जाताना एक जण म्हणाले, "छान केलंयस. फक्त गर्दीचा आवाज कमी पडतो. ती बसायला मिळणारी गाडी वाटते."

घुमाऱ्याबद्दल सांगायलाच हवं. रेव्हर्ब नावाचं बटण ज्याला प्रथम सापडतं, त्याची पुढली दोनतीन वर्षं गुहेत जातात. तंबोरा गुहेत, बासरी गुहेत, शिट्टी मारली तरी ती वेरुळच्या लेण्यातून आल्यासारखी. कॉम्प्युटरमध्ये तयार आवाजांची यादी असे आणि त्यांची नावं अशी असत की वाजवायच्या आधीच आपण थोर आहोत असं वाटावं. एक कळ दाबली की पहाट व्हायची, दुसरी दाबली की हिमालय. माझं कर्तृत्व म्हणजे मी बोट काढायला उशीर करत असे.

एकदा माणसाचा गळा वापरावा म्हणून मी शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्या एका बाईंना विनंती करून बोलावलं. त्यांनी भूप गायचं ठरलं. हेडफोन घातल्यावर त्यांनी विचारलं, "हे टकटक काय वाजतंय?"

"मेट्रोनोम आहे बाई. ठेक्यासाठी."

"समेवर मान हलवत नाही तो."

"यंत्र आहे ते."

"ते कळलं. पण समोरच्यानं मान नाही हलवली तर पुढचं सुचायचं कसं?"

शेवटी बाई गात असताना समेवर मान हलवायला मी समोर बसलो आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं. दुसऱ्या खेपेला त्या गायल्या, अप्रतिम गायल्या. मग मी त्यांचा आवाज सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. या प्रकारातलं ऑटोट्यून 1997 साली ज्या अँडी हिल्डेब्रँड यांनी आणलं, ते मुळात जमिनीत लहरी सोडून तेल शोधण्याच्या गणितातले तज्ज्ञ. तेल शोधायला ते गणित उत्तम असेल. बाईंच्या मींडेचे मात्र माझ्या यंत्रानं जिने केले. वरून खाली घरंगळत येणारा सूर पायरी पायरी उतरू लागला. बाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "माझा गंधार कुठे ठेवलात?" मी तो पुष्कळ शोधला.

माझ्या कारकिर्दीतलं सार्वजनिक यश एकच. ते गणेशोत्सवातलं. मंडळानं त्या वर्षी 'भुताची गुहा' केली होती. अध्यक्ष घरी आले. "तुझं ते घुंई-घुंई असतं ना, ते दे."

मी त्यांना 'अंतर्नाद' दिलं. ध्यानासाठी केलेली रचना होती. मन हळूहळू निर्विचार व्हावं, श्वास संथ व्हावा, अशी. गुहेत ती लागली आणि पहिल्याच संध्याकाळी रांग रिक्षा स्टँडपर्यंत गेली. पोरं किंचाळत बाहेर येत आणि पुन्हा रांगेत उभी राहत. एक आजोबा आत शिरताना रामरक्षा म्हणू लागले, ती बाहेर येईपर्यंत पुरी झाली. सांगाडा होता, हिरवा दिवा होता, वरून पडणारी कोळ्याची जाळी होती. पण सगळे म्हणत, खरी भीती वाटते ती त्या आवाजाची. दहा दिवस माझं संगीत सकाळ-संध्याकाळ लोकांनी ऐकलं, त्यावर प्रतिक्रिया दिली, बेशुद्ध पडल्याचं नाटकही केलं. शेवटच्या दिवशी आभाराच्या फलकावर मंडप, रोषणाई, फुलं, पिण्याचं पाणी या सगळ्यांची नावं होती. 'आवाज' या शब्दापुढे अँप्लिफायर देणाऱ्या देणगीदाराचं नाव होतं.

आता बऱ्याच वर्षांनी त्या सीड्या पुन्हा काढून ऐकतो आहे. त्यांवर मार्करनं लिहिलेली नावं क्रमानं अशी: 'फायनल', 'फायनल खरं', 'फायनल खरं नवीन', 'हेच घ्यायचं', 'हे नको'. यांतलं 'हे नको' सगळ्यांत बरं आहे. मुलीला ऐकवलं. ती हातातलं काम न सोडता काही वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, सुरू कधी होणार?" तेव्हा आठवं मिनिट चालू होतं.

बायकोनं विचारलं, "अहो, या सीड्या टाकायच्या का? माळ्यावर जागा होईल."

मी तिला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या सिनेसंगीतात वर्षानुवर्षं गिटार वाजवलेला हा माणूस. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि तबकडी काढली. ती कुणी विशेष विचारली नाही. त्यांतलं एक यंत्र, टीबी-303, हे तर कंपनीनं गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलं होतं. तेही खपलं नाही, 1984 मध्ये बंद झालं. मग शिकागोच्या पोरांनी ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात उचलली आणि 1987 मध्ये त्यातून ॲसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर गाजवला. आणि 2002 साली एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजितजींची तबकडी मिळाली. त्यानं ती वाजवली आणि ताडकन उठला असणार, कारण शिकागोवाल्यांचा तो आवाज इथं पाच वर्षं आधीच येऊन बसला होता. 2010 मध्ये तबकडी पुन्हा निघाली आणि सत्तरीच्या आसपासचे चरणजितजी युरोपात कार्यक्रम करायला लागले. अहमदाबादचंही तेच. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला, गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथं रचना केल्या आणि त्या टेपा कपाटात गेल्या. लोकांच्या हाती पडल्या 2023 मध्ये.

"म्हणून," मी म्हणालो, "काही टाकायचं नसतं. उद्या कुणी डच माणूस आला तर?"

बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. "तो डच माणूस जुन्या बाजारातच शोधतो ना?"

"हो."

"मग भंगारवाल्याला दिल्या तर लवकर सापडतील की."

यात तर्काची चूक मला आजतागायत काढता आलेली नाही. भंगारवाल्यालाही बोलावलं. त्यानं सीडी उन्हात धरून पाहिली. "साहेब, याला भाव नाही. अंड्यांचे ट्रे आहेत का?"

चरणजितजींच्या आणि माझ्या कामात फरक आहे हे मला मान्य आहे. त्यांना वाजवता येत होतं. पण हौशी माणसानं असले बारीक मुद्दे धरून बसायचं ठरवलं, तर लॅमिंग्टन रोडची निम्मी दुकानं बंद पडतील.

तेव्हा वाचकांपैकी कुणी ॲम्स्टरडॅमकडे असतील, तिथल्या मराठी मंडळात कुणाची जुन्या तबकड्यांच्या दर्दी लोकांशी ओळख असेल, तर त्यांनी माझा पत्ता पुढे द्यावा. सीड्या माळ्यावर डाव्या बाजूला, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे आहेत. मानधनाची अपेक्षा नाही, नाव मात्र फलकावर हवं. आणि कुणी नवीन भुताची गुहा बांधत असेल, तर त्यांनीही निःसंकोच यावं. त्या कामाचा अनुभव आहे.